शोक आणि अनासक्ती : तथागतांची शिकवण

घरात मृत्यू झाला की चार माणसे गोळा होतात आणि रडणाऱ्याला सांगू लागतात, "उगी राहा आता. रडून का माणूस परत येणार आहे? देह नाशिवंत, आत्मा अमर. सगळी मायाच आहे ही." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि शब्दही शास्त्रातलेच असतात. पण ज्या माउलीचे मूल आत्ताच गेले, तिला त्या घडीला हे शब्द कसे लागतात याचा विचार आपण क्वचितच करतो. तिला वाटते, यांना माझं दुःख नकोसं झालं आहे. मी गप्प बसले म्हणजे यांना आपापल्या घरी जायला बरं. वैराग्याचा बोल योग्य वेळी औषध असतो, अवेळी तोच जखमेवरचे मीठ होतो. मग शोक करू द्यावा की आवरावा? आणि अनासक्ती म्हणतात ती कोरड्या डोळ्यांत असते की आणखी कशात?

या अंकात आम्ही हा प्रश्न बौद्ध धम्माच्या अंगाने पाहणार आहोत. वारकऱ्यांच्या मासिकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याला आमची दोन उत्तरे आहेत. शोक कोणाचा पंथ पाहून घरात शिरत नाही, हे पहिले. दुसरे असे की आम्ही नागपूरकर. या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी बुद्धाला शरण जाऊन नवा मार्ग धरला, आणि त्यानंतर अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला, त्यांना त्या मार्गावर आणणारा पुरुष काळाने नेला. त्या शोकात ते कसे उभे राहिले, हे शेजाऱ्याने जाणून घेण्यासारखे आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. बुद्धाला नववा अवतार मानण्याची आपली जुनी चाल आहे. पण नागपुरात डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली पाचवी प्रतिज्ञा बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही हेच सांगते. तेव्हा "सगळं एकच आहे हो" असे म्हणून त्यांचा धम्म आपल्या कोठारात ओतून घेणे बरे नव्हे. शेजारी जे म्हणतो ते त्याच्या बाजूने ऐकावे, मग आपल्या मनाशी ताडून पाहावे.

दुसरा भेद याहून महत्त्वाचा आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाच्या शोकाचे जे निवारण आहे, ते आत्म्याच्या अमरत्वावर उभे आहे. बुद्धांनी तो आधार घेतला नाही. सर्व संस्कार अनित्य आहेत, आणि ज्याला 'मी' आणि 'माझे' म्हणून घट्ट धरावे असे कायमचे काहीही त्यांत नाही, अशी त्यांची शिकवण. मग ज्याचे माणूस गेले त्याला ते कशाच्या बळावर धीर देत होते? हे त्यांच्या वागण्यातूनच पाहिले पाहिजे.

मोहरीचा शोध

श्रावस्तीला गौतमी नावाची एक गरीब घरची स्त्री होती. अंगाने किडकिडीत, म्हणून लोक तिला किसा गौतमी म्हणत. किसा म्हणजे कृश. सासरी तिला कोणी विचारीत नसे. मुलगा झाला तेव्हा कुठे चार माणसांत मान मिळाला. तो मुलगा दुडुदुडु धावायच्या वयाचा झाला आणि गेला. गौतमीने ते प्रेत कडेवर घेतले आणि ती दारोदार औषध मागत फिरू लागली. लोक हसले. मेलेल्याला का औषध असतं, म्हणाले. एका शहाण्या माणसाने मात्र तिला बुद्धांकडे जायला सांगितले.

बुद्धांनी तिला सांगितले की चिमूटभर मोहरी आण, पण ज्या घरात आजवर कोणी मेले नाही अशाच घरची आण. ती निघाली. मोहरी काय, कोणाच्याही घरात असते. लोक मूठ भरून आणीत. पण तिने पुढचा प्रश्न विचारला की देणाऱ्याचा हात थांबे. कोणाची आई गेलेली, कोणाचा धनी, कोणाचा हातातोंडाशी आलेला मुलगा. असे करीत गाव संपले आणि गौतमीला उमगले. मुलाला तिने स्मशानात ठेवले आणि ती रिकाम्या हाताने परत आली. पुढे ती भिक्षुणी झाली. थेरीगाथा नावाच्या पाली ग्रंथात तिच्या गाथा आहेत.

ही कथा आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेली असेल. तात्पर्य बहुधा एवढेच सांगतात की मृत्यू कोणाला चुकला नाही. पण एवढेच सांगायचे असते तर बुद्धांना तिथल्या तिथे सांगता आले असते. गावच्या लोकांनी तिला तेच सांगितले होते आणि त्याचा उपयोग झाला नव्हता. बुद्धांनी तिला वेडी म्हटले नाही, कडेवरचे प्रेत टाकून दे असेही म्हटले नाही. त्यांनी तिला काम दिले, आणि ते काम असे दिले की तिला माणसांच्या दारी जावे लागावे. प्रत्येक उंबऱ्यावर एकेका घराने आपला जुना शोक तिच्यापुढे उघडला. सकाळी निघाली तेव्हा "माझंच मूल गेलं" हे तिचे दुःख होते. संध्याकाळी तेच दुःख साऱ्या गावाचे झाले होते. ओझे तेवढेच राहिले, पण उचलणारे हात वाढले. मेलेल्या मुलाला औषध मिळाले नाही, तरी जिवंत आईला मिळाले.

दोन बाण

संयुत्तनिकायात बुद्धांनी शोकाविषयी एक दृष्टांत दिला आहे. एखाद्याला बाण लागावा आणि लगेच त्याच जागी दुसरा बाण लागावा, तसे अज्ञानी माणसाचे होते. पहिला बाण म्हणजे अंगावर आलेले दुःख. दुसरा बाण म्हणजे त्या दुःखापायी मनाने केलेला आकांत. ज्ञानी माणसाला पहिला बाण लागतो, दुसरा लागत नाही.

या दृष्टांतात पहिला बाण कोणालाही चुकवलेला नाही, हे नीट पाहा. ज्ञानी झाला म्हणून बाण बोथट होत नाही. माणूस गेले की घर रिकामे वाटणारच, जेवताना एक ताट कमी पाहून घास अडकणारच. हा पहिला बाण. पण त्यानंतर मन काय करते? "मी त्या दिवशी दवाखान्यात लवकर का नेलं नाही?" "देवाने माझ्याच घरावर का घाला घातला?" "अमक्याने असं केलं म्हणून हे झालं." "आता मी हसले तर लोक काय म्हणतील?" असे बाण आपणच भात्यातून काढतो आणि आपल्याच छातीत मारतो. कधी कधी दहा-दहा वर्षे मारीत बसतो. बुद्धांची अनासक्ती या दुसऱ्या बाणाविषयी आहे. रडणाऱ्याला "रडू नको" म्हणणारे आपण पहिलाच बाण नाकारू पाहतो. तो नाकारता येत नाही, आणि तसे करताना पुष्कळदा आपल्याच हातून त्या बिचाऱ्याला दुसरा बाण लागतो.

एक शंका

येथे वाचक शंका घेतील. उदान नावाच्या ग्रंथात विशाखेची गोष्ट आहे. विशाखा ही श्रावस्तीची मोठी उपासिका. तिची लाडकी नात वारली तेव्हा ती ओल्या केसांनी, ओल्या वस्त्रांनी भर दुपारी बुद्धांकडे आली. बुद्धांनी तिला विचारले की या श्रावस्तीत जेवढी माणसे आहेत तेवढी मुलेनातवंडे तुला हवीत काय? ती हो म्हणाली. मग त्यांनी विचारले की श्रावस्तीत रोज किती माणसे मरतात? ती म्हणाली, कधी दहा, कधी नऊ, कधी एक. पण कोणी मेले नाही असा दिवस जात नाही. तेव्हा बुद्ध म्हणाले की मग तुझे केस कधी वाळायचेच नाहीत. ज्याला शंभर प्रिय त्याला शंभर दुःखे, ज्याला एक प्रिय त्याला एक दुःख, आणि ज्याला प्रिय असे काही नाही त्याला दुःख नाही, असा त्या उपदेशाचा आशय आहे.

शंका अशी की, मग कोणावर प्रेमच करू नये काय? बायकामुले असणाऱ्या प्रपंची माणसाने काय मन दगडाचे करावे?

याचे समाधान बुद्धांच्याच दुसऱ्या उपदेशात आहे. मेत्तसुत्तात, म्हणजे मैत्रीच्या सूत्रात, ते सांगतात की आई आपल्या एकुलत्या एका मुलाला जिवापाड जपते, तसे मन सर्व प्राणिमात्रांविषयी ठेवावे. प्रेम आटवायला सांगणाऱ्याने आईचे उदाहरण दिले नसते. तेव्हा 'प्रिय' म्हणजे काय आणि 'मैत्री' म्हणजे काय, यातला भेद पाहिला पाहिजे. 'प्रिय' या शब्दात 'माझे' दडलेले असते. हे माझे आहे, ते असेच राहिले पाहिजे, ते गेले तर मी उरत नाही, अशी ती पकड. पालीत या पकडीला 'उपादान' असा शब्द आहे, आणि त्याच शब्दाचा एक अर्थ जळण असाही आहे. आग जशी लाकडाला धरून जगते, तसे दुःख या 'माझे'पणाला धरून जगते. मैत्रीत पकड नसते. विशाखेला नातीवरचे प्रेम कमी करायला सांगितले नाही. पकड कुठे आहे ते दाखवले. श्रावस्तीत रोज मरणारी ती दहा माणसेही कोणाची तरी नातवंडे आहेत, हे एकदा कळले म्हणजे प्रेम कमी होत नाही, उलट पसरते.

पटाचारेची कथा याचीच साक्ष देते. तिचा नवरा सर्पदंशाने गेला, तान्हे मूल ससाण्याने नेले, थोरला मुलगा नदीत वाहून गेला, आणि माहेरी निघाली तर आईबाप व भाऊ घर कोसळून गेले. तिला वेड लागले, अंगावरच्या वस्त्राची शुद्ध राहिली नाही. लोक तिला हाकलू लागले, पण बुद्धांनी तिला जवळ येऊ दिले आणि भगिनी म्हणून भानावर आणले. कोणी एकाने आपले पांघरूण तिच्या अंगावर टाकले. हीच पटाचारा पुढे मोठी भिक्षुणी झाली, आणि मुले गमावलेल्या कितीतरी आया तिच्याकडे येऊन शांत झाल्या, असे थेरीगाथा सांगते. जिचा शोक सर्वांत मोठा, तीच इतरांचे सांत्वन करणारी झाली.

आनंदाचे रडणे

आता खुद्द बुद्धांच्या घरातले पाहू. सारिपुत्त हे त्यांचे पट्टशिष्य. मगधातल्या नालक गावी ते वारले. चुंद नावाचा श्रामणेर त्यांचे पात्र आणि चीवर घेऊन श्रावस्तीला आला. ते पाहून आनंदाची दशा अशी झाली की अंगातले बळ गेले, दिशा सुचेनाशा झाल्या. त्याने ते बुद्धांना सांगितले. बुद्धांनी त्याला रागावले नाही. त्यांनी विचारले की आनंदा, सारिपुत्त जाताना तुझे शील घेऊन गेला काय? तुझी समाधी घेऊन गेला, प्रज्ञा घेऊन गेला काय? आनंद म्हणाला, नाही. पण ते आम्हाला शिकवणारे होते, धीर देणारे होते, त्याची आठवण होते. तेव्हा बुद्धांनी मोठ्या वृक्षाची मोठी फांदी मोडण्याची उपमा दिली आणि स्वतःच स्वतःचे द्वीप व्हा, धम्माचा आधार घ्या, असे सांगितले.

याच सुमारास मोग्गल्लानही गेले. त्यानंतर गंगेच्या काठी भिक्षुसंघ बसला असता बुद्धांनी त्या शांत सभेकडे पाहिले आणि सारिपुत्त-मोग्गल्लानांवाचून ही सभा आपल्याला रिकामी वाटते असे बोलून दाखवले. तथागताच्या मनात शोक वा विलाप नाही, हेही त्यांनी त्याच ठिकाणी सांगितले. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचाव्यात. रिकामी जागा त्यांना दिसली, ती त्यांनी लपवली नाही, आणि त्या रिकामेपणात ते बुडालेही नाहीत. आम्हाला तर अनासक्तीची याहून स्वच्छ व्याख्या दिसत नाही.

पुढे कुशिनारा येथे बुद्धांचा स्वतःचा अंतकाळ आला. आनंद विहारात जाऊन दाराला टेकून रडू लागला. बुद्धांनी त्याला बोलावून घेतले. प्रिय वस्तूंचा वियोग अटळ आहे हे तुला मी आधीच सांगितले होते ना, असे म्हणाले. आणि मग सगळ्या भिक्षूंसमोर त्याची स्तुती केली, की इतकी वर्षे तू कायेने, वाचेने, मनाने मैत्रीपूर्वक माझी सेवा केलीस. मरणाऱ्याने रडणाऱ्याची समजूत घातली, ती त्याच्या सेवेची आठवण देऊन.

आता याच्या उलट चित्र पाहा. बुद्ध गेल्याची वार्ता वाटेत महाकाश्यपाच्या मंडळींना कळली, तेव्हा पुष्कळ भिक्षू हात वर करून रडू लागले. त्यांत म्हातारपणी भिक्षू झालेला सुभद्द नावाचा एक होता. तो म्हणाला, कशाला रडता? बरे झाले सुटलो! हे करा, हे करू नका, असे सांगणारा गेला. आता आपल्या मनाला येईल तसे वागू. या सुभद्दाच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. मग तो अनासक्त म्हणायचा काय? रडणारा आनंद बुद्धांच्या स्तुतीला पात्र झाला आणि कोरड्या डोळ्यांच्या सुभद्दाचे बोल धोक्याचे ठरले. महाकाश्यपाने ते बोल ध्यानात ठेवून धम्म व विनय एकत्र म्हणण्यासाठी संगीती भरवली, असे विनयपिटकात आले आहे. तेव्हा वाचकहो, डोळे पाहून अनासक्तीची परीक्षा होत नाही. गेलेल्याने जे दिले ते आपण धरून ठेवतो की सोडून देतो, यात ती परीक्षा आहे.

कुशिनारा ते नागपूर

त्याच कुशिनाऱ्यात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातल्या कुशीनगरात, आपल्या काळात चंद्रमणी महास्थविर नावाचे वृद्ध भिक्षू राहत. मूळचे ते ब्रह्मदेशाचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना आणि माईसाहेबांना त्रिशरण व पंचशील त्यांनीच दिले. त्याआधी, १९४९ साली, त्यांनी कुशीनगरला एका तरुण इंग्रजाला श्रामणेर दीक्षा दिली होती. संघरक्षित हे त्याचे नाव.

बाबासाहेब स्वतः शोकाला अपरिचित नव्हते. त्यांची चार मुले लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न १९२६ साली गेला तेव्हा त्यांनी एका मित्राला लिहिलेल्या पत्रात जगण्यातला रसच संपल्याचे म्हटले होते. २७ मे १९३५ ला रमाबाई गेल्या. त्यांची पंढरपूरला जाण्याची फार इच्छा होती. पण महाराची म्हणून देवळाबाहेर उभे राहून परतायचे, हे बाबासाहेबांना मान्य नव्हते, आणि ती इच्छा तशीच राहिली. पंढरीचे मंदिर सर्वांना उघडे व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. तोवर रमाबाईंना जाऊन बारा वर्षे झाली होती. पांडुरंगाचे नाव घेणाऱ्या आपल्याला हा शोक परका कसा म्हणता येईल?

यातून एक गोष्ट कळते. मरणाने येणारे दुःख हे अनित्यतेचे आहे. त्याला इलाज नाही. पण माणसाने माणसावर लादलेले दुःख अनित्यतेच्या नावावर खपवता येत नाही. बाबासाहेबांच्या मृत्यूनंतर १९५७ साली निघालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी हाच प्रश्न धरला आहे. जन्म, मरण, पुनर्जन्म सगळे दुःखच म्हटले तर माणसाला आशा कुठली, असे ते विचारतात. अनासक्ती म्हणजे अन्यायापुढे मान तुकवणे, असा अर्थ त्यांनी कधी होऊ दिला नाही.

आणि मग ६ डिसेंबर १९५६. त्या दिवशी संघरक्षित प्रवासात नागपूरला उतरले होते. स्थानकावर नवबौद्ध मंडळी त्यांच्या स्वागताला आली होती. यजमानांच्या घरी पोचून तासभरच झाला असेल, तोच लोक रडत आले की बाबासाहेब दिल्लीला गेले. लोकांनी त्यांना संध्याकाळच्या शोकसभेत बोलायची विनंती केली. सभा कस्तुरचंद पार्कवर होती. चहूकडून माणसांच्या रांगाच्या रांगा मैदानाकडे येत होत्या. त्यांच्या अंदाजाने लाखभर माणूस जमला होता. धड व्यासपीठ नव्हते. त्यांच्याआधी उभे राहिलेले पुढारी एकामागून एक बोलू लागत, दोन शब्द होत न होत तो हुंदका येई आणि खाली बसत. संघरक्षित एका रिक्षाच्या बैठकीवर उभे राहिले, कोणी ध्वनिक्षेपक तोंडाशी धरला, आणि ते तासभर बोलले. त्यांच्या बोलण्याचा सारांश असा होता की बाबासाहेब मेलेले नाहीत. त्यांचे काम तुम्ही जेवढे चालवाल तेवढे ते तुमच्यात जिवंत राहतील. पुढचे चार दिवस ते नागपूरच्या वस्त्यावस्त्यांतून फिरले, चाळीसच्या आसपास सभा घेतल्या, आणि हजारो लोकांना दीक्षा दिली. हा वृत्तान्त त्यांनी स्वतः पुढे 'आंबेडकर अँड बुद्धिझम' या १९८६ सालच्या ग्रंथात लिहिला आहे.

दुसऱ्या दिवशी, ७ डिसेंबरला, मुंबईत दादरच्या समुद्रकाठी बाबासाहेबांना अग्नी देण्यात आला. तिथेही शोकाकुल समुदायाने भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून जागच्या जागी दीक्षा घेतली. हेच आनंद कौसल्यायन पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात नागपुरात राहिले आणि १९८८ साली येथेच वारले.

आता सारिपुत्ताच्या मृत्यूनंतर आनंदाला विचारलेला तो प्रश्न आठवा. तो तुमचे शील घेऊन गेला काय? कस्तुरचंद पार्कवर वेगळ्या शब्दांत हाच प्रश्न विचारला गेला. ५३ दिवसांपूर्वी घेतलेले पंचशील बाबासाहेब बरोबर घेऊन गेले काय? नाही. ते ज्याचे त्याच्याजवळ होते. त्या दिवशी कोणी लोकांना रडू नका म्हटले नाही. नेते रडले, बाया रडल्या, सारे मैदान रडले. पण रडून झाल्यावर ते पांगले नाहीत. ज्या माणसासाठी डोळे भरून आले, त्याने दिलेली वाट धरून ते चालू लागले. दीक्षाभूमीवर आज जो स्तूप उभा आहे, ज्याचे उद्घाटन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी डिसेंबर २००१ मध्ये केले, त्यात बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. त्याचा खरा पाया त्या चार दिवसांतच घातला गेला होता, असे आम्हाला वाटते.

घरोघरचा विधी

हे झाले मोठ्या माणसाच्या मृत्यूविषयी. साध्या घरात काय होते? बावीस प्रतिज्ञांतली सहावी श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची आहे. मग जुना विधी गेला, त्या जागी काय आले? नागपूरच्या बौद्ध वस्तीत कोणी गेले तर पांढऱ्या वस्त्रातली माणसे जमतात, मेणबत्ती लावतात, त्रिशरण-पंचशील म्हणतात. पुढे जलदान विधी आणि पुण्यानुमोदन होते. घरचे लोक हात जोडून बसतात, गाथा चालू असते आणि भांड्यातले पाणी हळूहळू दुसऱ्या पात्रात ओततात. वरचे पाणी वाहत जाऊन जसे समुद्र भरते, तसे इथे केलेले पुण्य गेलेल्याला पोचो, हा भाव. यामागे तिरोकुड्डसुत्त नावाचे पाली सूत्र आहे. रडण्याने किंवा शोकाने गेलेल्याला काही मिळत नाही, दिलेले दानच पोचते, असा त्याचा आशय. म्हणून लोक गेलेल्याच्या नावाने भिक्षूंना भोजन देतात, विहाराला, शाळेला, वाचनालयाला काही देतात.

येथेही पुन्हा मोहरीचेच तत्त्व आहे. शोकात बसलेल्या हातांना काम द्यायचे, आणि ते काम दुसऱ्याच्या दाराकडे नेणारे असावे.

आपल्या संतांकडे वळून

इतके ऐकल्यावर आपल्या परंपरेकडे पाहिले तर काय दिसते? आळंदीला १२९६ साली ज्ञानेश्वर माउलींनी समाधी घेतली, तेव्हा नामदेवराय रडले. त्यांनी तो शोक झाकला नाही, समाधीच्या अभंगांत मांडून ठेवला, आणि आजही कार्तिकात आळंदीला वारकरी ते अभंग डोळे पुसत ऐकतो. चोखोबा मंगळवेढ्याला कुसू कोसळून गेले, तेव्हा नामदेवच त्यांच्या अस्थी शोधायला गेले आणि पंढरीच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली, असे परंपरा सांगते. तुकोबारायांची पहिली बायको आणि मुलगा दुष्काळात गेला. त्या दुष्काळातूनच तुकोबा विठ्ठलाकडे वळले. यांपैकी कोणीही मन दगडाचे केले नव्हते.

गोव्याच्या धर्मानंद कोसंब्यांना तरुणपणी आधी तुकोबांच्या चरित्राने धीर दिला आणि मग त्यांना बुद्धचरित्राची ओढ लागली, असे त्यांच्या आत्मचरित्रात आहे. त्यांचा 'भगवान बुद्ध' हा मराठी ग्रंथ अवश्य वाचावा. दोन वाटा वेगळ्या, हे आम्ही आरंभीच म्हटले. आपण विठ्ठलाच्या पायाशी शोक ठेवतो. बौद्ध माणूस अनित्यतेकडे डोळे उघडून पाहतो. पण रडणाऱ्याला दारातून हाकलायचे नाही, आणि त्याला रडण्यातच सोडूनही द्यायचे नाही, हे दोन्हीकडे सारखे आहे.

या पाठाचे आचरण

वाचून बाजूला ठेवण्यासाठी हा पाठ नाही. पुढच्या वेळी शेजारच्या घरी मृत्यू होईल तेव्हा एवढे करून पाहावे. पहिल्या दिवशी शास्त्र सांगू नये. जवळ बसावे, पाणी द्यावे, रडू द्यावे. गेलेल्या माणसाविषयी त्या घरच्यांना बोलू द्यावे, आणि आपणही त्याची एखादी चांगली आठवण सांगावी. आनंदाच्या सेवेची बुद्धांनी काढली तशी. "त्याच वेळी दवाखान्यात नेलं असतं तर" असे शब्द चुकूनही तोंडातून काढू नयेत. तो दुसरा बाण आहे. तेरा दिवस झाले की आपण जाणे थांबवतो. तसे न करता महिन्याने, तीन महिन्यांनी पुन्हा त्या दाराशी जावे. खरी रिकामी जागा तेव्हाच दिसू लागते. आणि सावकाश, त्या घराला पेलेल असे एखादे काम गेलेल्याच्या नावाने सुचवावे. गरीब पोराची फी भरावी, वारीला निघालेल्यांना एक वेळचे जेवण द्यावे, एखाद्या दुसऱ्या दुःखी घरी सोबतीला जावे.

स्वतःवर प्रसंग आला तर मनाला एकच प्रश्न विचारावा. गेलेल्याने जे चांगले मला दिले, ते तो बरोबर घेऊन गेला काय? उत्तर 'नाही' असेच येईल. मग डोळे पुसायची घाई करू नये. रडत रडतही ते चालवता येते.